भाषण उतरवताना ‘शुद्ध’ करू नका

एम.ए.च्या प्रकल्पाला राजकीय भाषणांची भाषा हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, यूट्यूबवर भाषणं ढिगाने पडलीत, काम सोपं आहे. चार दिवस खपून पहिलं भाषण उतरवलं. मॅडमनी दोन पानं वाचून विचारलं, “हे भाषण आहे की अग्रलेख?” ‘बरं का’, ‘काय?’, अर्धवट सोडलेली वाक्यं, दोनदोनदा आलेले शब्द, सगळं मी गाळलं होतं. म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा नेमकं तेच.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी एखादा छोटा तुकडा घ्यावा. २०१९ च्या लोकसभा प्रचारातलं राज ठाकरे यांचं ‘लाव रे तो व्हिडिओ’च घ्या. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता, तरी हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. लिहिताना आपण ‘तो व्हिडिओ लाव’ असं लिहू. इथे क्रियापद आधी येतं, आणि ‘रे’ आहे व्हिडिओ लावणाऱ्या माणसासाठी. हजारोंची सभा ते फक्त कानावर घेते, घरात कुणी पोराला टीव्ही लावायला सांगावं तसं. ‘रे’ काढून वाक्य म्हणून बघा, नुसता हुकूम उरतो.

माझं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. हिंदीत दोन्हींना ‘हम’. मराठीत मात्र ऐकणारा आत आहे की बाहेर, हे वक्त्याला दर वेळी ठरवावंच लागतं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचं भाषण छापून मी दोन रंगांनी खुणा केल्या. रस्ता ‘आम्ही’ केला होता. रखडलेलं पाणी मात्र ‘आपल्याला’ आणायचं होतं!

विराम मोजायला ‘प्रात’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. वर्तमानपत्रातल्या वृत्तांतावर विसंबू नका. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. शब्द छापता येतात, पाऊस कुठे उतरवणार? तिथे व्हिडिओच लागतो.

वाहिन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेकदा माइकचाच आवाज असतो, गर्दीचा ‘हो’ क्षीण येतो. त्यामुळे एखाद्या तरी सभेला स्वतः जा आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभे राहा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या काकांचं “आता आवरा की” स्वच्छ ऐकू येतं. तेही मी उतरवलंय, वेळेसकट.