इम्प्लांट की ब्रिज? ‘९५ टक्के यशस्वी’ हा आकडा वाचायचा कसा

खालची दाढ काढून झाली की पुढचा प्रश्न येतो तो रिकाम्या जागेचा. एक डॉक्टर इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रूसारखं कृत्रिम मूळ, त्यावर कॅप) सुचवतात, दुसरे शेजारचे दोन दात घासून तीन दातांचा ब्रिज करू म्हणतात, आणि दोघांच्याही तोंडी ‘९५ टक्के’ असतात. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. तो आकडा कशाचा, हे मात्र आपणच शोधायचं असतं. मूळ शोधनिबंधाचा सारांश पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. तो उघडला की पुढच्या गोष्टी तपासा.

सगळ्यात आधी शब्द बघा: ‘सर्व्हायव्हल’ की ‘सक्सेस’? सर्व्हायव्हल म्हणजे वस्तू तोंडात शिल्लक आहे, इतकंच. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीतून पू येत असला, तरी तो ‘टिकला’ असाच मोजला जातो. ब्रिजखालच्या दाताचं मध्ये रूट कॅनाल करावं लागलं, तरी ब्रिज जागेवर असेल तर तोही टिकलाच. सक्सेसची कसोटी याहून कडक. आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलेले निकष आजही वापरात दिसतात: इम्प्लांट हलता कामा नये, एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी रेघ नको, दुखणं, संसर्ग किंवा बधिरपणा नको, आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलीमीटरपेक्षा कमी हवी.

हे ०.२ मिलीमीटर जरा जवळून बघण्यासारखं आहे. एक्स-रेची फिल्म थोडी तिरकी धरली गेली, तरी याहून मोठा फरक दिसू शकतो. म्हणून चांगल्या अभ्यासात फिल्म होल्डरमध्ये धरून ठरावीक कोनातच एक्स-रे काढतात. इम्प्लांटच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर कंपनीकडून माहीत असतं, त्याचीच फूटपट्टी करून हाडाची पातळी मोजतात. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर हाडाच्या झिजेच्या आकड्यावर फार विसंबू नका.

दुसरं, मोजणी कशाची? २५ पेशंट, प्रत्येकाला ४ याप्रमाणे १०० इम्प्लांट, आणि त्यातले ५ गेले. इम्प्लांट मोजले तर अपयश ५ टक्के. पण ते पाच वेगवेगळ्या पाच माणसांचे असतील, तर पेशंटच्या हिशेबाने अपयश २० टक्के. तुमचा दात एकच असला तरी हा फरक लागू पडतो, कारण एकाच तोंडातले इम्प्लांट बरेचदा एकाच कारणाने जातात.

घड्याळ कधी सुरू केलं, तेही बघा. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून की कॅप बसवल्यापासून? कॅपपासून मोजलं, तर हाडात मुळी धरलेच नाहीत असे इम्प्लांट आधीच हिशेबाबाहेर गेलेले असतात. ते किरकोळ नसतात. डर्क्स आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या २,७६५ पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ४.४ टक्के पेशंटांनी कॅप बसण्याआधीच निदान एक इम्प्लांट गमावला होता.

मग परत न आलेली माणसं. १०० पेशंट होते, पाच वर्षांनी ६० तपासणीला आले, त्यातल्या ५७ जणांचं ठीक. लेखात छापलं जातं ९५ टक्के. उरलेल्या ४० जणांचं सगळंच बिघडलं असं धरलं, तर राहतात ५७ टक्के. खरं उत्तर बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. ही दरी जितकी रुंद, तितका अभ्यास कच्चा.

‘एकही इम्प्लांट गेला नाही’ असं वाचलं तर एक सोपी युक्ती: ३ला पेशंटांच्या संख्येने भागा. ३० जणांत शून्य अपयश असेल, तरी खरा अपयशाचा दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. इम्प्लांटच्या नव्या सिस्टिमच्या (म्हणजे कंपनीच्या मॉडेलच्या) जाहिरातींत असे छोटे अभ्यास हमखास सापडतात, तेव्हा पैसे कोणी दिले ती ओळही वाचा. भारतातली चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत शोधा. आधी काय मोजणार म्हणून नोंदवलं आणि शेवटी काय छापलं, हे ताडून बघता येतं.

कोणाला वगळलं, हा भाग ‘पद्धती’त दडलेला असतो. विडी-सिगारेट ओढणारे आणि साखर ताब्यात नसलेले पेशंट अनेक चाचण्यांत घेतच नाहीत. रोज मिशरी लावणाऱ्या माणसाने युरोपातला आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये, कारण तसं तोंड त्या अभ्यासात नव्हतंच.

आता दोन्हींची तुलना. पेतुर्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक अभ्यास एकत्र केले. एका इम्प्लांटवरची एक कॅप पाच वर्षांनी ९४.५ आणि दहा वर्षांनी ८९.४ टक्के टिकलेली. दातांवरचा नेहमीचा ब्रिज ९३.८ आणि ८९.२ टक्के. म्हणजे टिकण्यात जवळपास बरोबरी. पण पाच वर्षांत काही ना काही तक्रार आलेले पेशंट दातांवरच्या ब्रिजमध्ये १५.७ टक्के, तर इम्प्लांटच्या आधारावर बसवलेल्या ब्रिजमध्ये ३८.७ टक्के.

हे वाचून लगेच ब्रिजकडे धावू नका, तक्रारींची जात वेगळी आहे. इम्प्लांटवर कॅप धरून ठेवणारा स्क्रू सैल होणं, वरच्या पोर्सेलीनचा टवका उडणं अशा गोष्टी जास्त, आणि स्क्रू एका बैठकीत पुन्हा आवळता येतो. ब्रिजमध्ये आधाराच्या दाताला कीड लागते किंवा त्याची नस मरते, आणि तो दात गेला की अख्खा ब्रिज जातो. उलट इम्प्लांटभोवतीचं हाड खाल्लं जाणं ही स्क्रूसारखी सोपी बाब नाही. त्याच स्वीडिश संशोधकांनी त्यातल्या काही पेशंटांना नऊ वर्षांनी तपासलं, तेव्हा हिरडीतून रक्तस्राव आणि हाडाची ०.५ मिलीमीटरहून अधिक झीज ही व्याख्या लावून ४५ टक्के पेशंट आजारी ठरले. झिजेची रेषा २ मिलीमीटरवर नेली तर १४.५ टक्के. व्याख्या न बघता यातला कोणताही एक आकडा उचलणं धोक्याचं.

आणखी एक मेख: ही तुलना वेगवेगळ्या अभ्यासांची आहे, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या पेशंटांची नाही. शेजारचे दात अखंड असलेल्या माणसाला बहुधा इम्प्लांटच सुचवला जातो, त्यामुळे दोन गट मुळात सारखे नसतात. म्हणून शेवटी आपल्याच शेजारच्या दातांकडे बघायचं. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ६३ ते ७२ टक्के भाग घासला जातो. कोरे करकरीत दोन दात त्यासाठी देणं आमच्या मते महागाचा सौदा. त्यांच्यात आधीच मोठं सिमेंट किंवा रूट कॅनाल असेल आणि कॅप लागणारच असेल, तर ब्रिज मुळीच कमी प्रतीचा नाही.

इम्प्लांट ठरलाच, तर डॉक्टरांकडून सिस्टिमचं नाव, व्यास, लांबी आणि पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून फाइलला चिकटवा. स्क्रू आवळायचा ड्रायव्हर प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो. नोकरीपायी शहर बदललं आणि पाच वर्षांनी स्क्रू सैल झाला, तर नव्या डॉक्टरांना आधी तेच विचारावं लागतं.