सर्दी-फ्लूच्या दिवसांत प्रतिकारशक्तीला साथ

आधी झोप सांभाळा. प्रौढांनी रोज किमान 7 तास झोपावं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी लवकर गाठते. कुठल्याही काढ्याने ही उणीव भरून निघत नाही.

हात साबणाने 20 सेकंद धुवा. बहुतेकांचे अंगठे आणि नखांखालची जागा कोरडीच राहते, आणि तोच हात नाकाडोळ्यांना लागतो. खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या अधूनमधून उघडा, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर जाते.

नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याने धुता येतं. पाणी किमान 1 मिनिट खळखळून उकळा, कोमट होऊ द्या, मग 240 मिली पाण्यात अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ विरघळवा. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नका; त्यातल्या अमीबाचा संसर्ग क्वचित होतो, पण जिवावर बेततो. झोंबलं तर मीठ कमी करा. भांडं वापरून झालं की धुऊन पूर्ण वाळवा.

व्हिटॅमिन सीबद्दल मोठा गैरसमज आहे. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू करून फारसा उपयोग होत नाही, आणि दिवसाला 2 ग्रॅमच्या वर गेल्यास पोट बिघडतं. ताजी फळं-भाज्या पुरेशा आहेत. खोकल्यावर झोपण्यापूर्वी चमचाभर मध चालेल, मात्र 1 वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही.

फ्लूची लस साथीआधीच घ्या, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. धाप लागली, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर घरगुती उपाय थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.