अमेरिकेत जेवायला बसताय? टिपच्या या चुका टाळा

दर उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीच्या घरी भारतातून पाहुणे येतात. कधी सासरचे, कधी माहेरचे, कधी ओळखीतून आलेलं एखादं कुटुंब. नायगारा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, सगळं बुकिंग दोन महिने आधी झालेलं असतं. कुठल्या गावाला किती स्वेटर लागतील इथपर्यंत याद्या केलेल्या असतात. टिपबद्दल मात्र कोणी एक शब्द विचारून येत नाही, आणि पहिल्याच रेस्टॉरंटात बिल आलं की तोच प्रसंग. वीस वर्षं मी त्याच त्या चुका बघते आहे. त्यातल्या दोन मला फार लागतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिते. बाकीच्या थोडक्यात.

आपल्याकडे ठेवतो तेवढीच ठेवणं

पुण्यात किंवा नाशिकला आपण बडीशेपेच्या ताटलीत पन्नास रुपये ठेवतो आणि उठतो. दिली तर वेटर खूश, नाही दिली तरी कोणाचं काही बिघडत नाही, कारण त्याचा पगार मालक देतो. हीच सवय इथे आणली की गडबड होते. इथल्या रेस्टॉरंटात पगाराचा मोठा भाग बिलाच्या बाहेर असतो आणि तो तुम्ही द्यायचा असतो.

केंद्राच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर द्यायचे. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. एरवीचं किमान वेतन ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून आहे तिथेच. मधली तूट टिपमधून भरून निघेल असं कायदाच धरून चालतो. नाही निघाली तर मालकाने भरायची. बऱ्याच राज्यांनी स्वतःचे आकडे वाढवले आहेत, पण टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत आजही २.१३ च चालतात.

माझी मुलगी कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रेस्टॉरंटात वेट्रेसचं काम करायची. २०१७ सालची गोष्ट. न्यू जर्सीत तेव्हा तोच २.१३ चा आकडा होता. एका संध्याकाळी तिच्या टेबलावर अकरा जणांचं मराठी कुटुंब आलं. तिने मराठीत विचारलं म्हणून सगळे हरखून गेले. आजोबांना तिखट नको, एका काकूंचा उपास, मुलांना वेगळं काहीतरी, तिने सगळं मनापासून केलं. पाणी सात वेळा भरलं. मंडळी जवळजवळ तीन तास बसली. जाताना काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "गुणाची आहे हो पोर." टॅक्स सोडून बिल झालं होतं ३४० डॉलर. बिलाच्या फोल्डरमध्ये टिप म्हणून ठेवलेले होते ८ डॉलर.

आता पुढचा हिशेब वाचा, कारण तो पाहुण्यांना कधीच दिसत नाही. त्या रेस्टॉरंटात प्रत्येक वेट्रेसने आपल्या विक्रीच्या ४ टक्के रक्कम टेबलं साफ करणाऱ्यांना आणि बारवाल्याला द्यायची पद्धत होती. ती विक्रीवर मोजत, मिळालेल्या टिपवर नाही. ३४० चे ४ टक्के म्हणजे १३ डॉलर ६० सेंट. म्हणजे त्या टेबलासाठी तिने इतर टेबलांच्या टिपेतून ५ डॉलर ६० सेंट घातले. शिवाय त्या तीन तासांत ते टेबल दुसऱ्या कोणाला देता आलं नाही. रात्री साडेअकराला घरी आली आणि मला विचारलं, "आई, माझं काही चुकलं का गं?"

हा प्रश्न मी विसरलेले नाही. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना वाटलं आपण आठ डॉलर दिले, म्हणजे तेव्हाच्या दराने पाचशे रुपयांच्या आसपास, चांगले भरपूर दिले. पण इथे इतकी कमी टिप म्हणजे "तुझं काम मला आवडलं नाही" असं तोंडावर सांगणं. तुमच्या मनात ते नसलं तरी समोरच्याला तेच ऐकू जातं.

म्हणून, वेटर टेबलापाशी येऊन ऑर्डर घेतो आणि जेवण आणून देतो अशा ठिकाणी १८ ते २० टक्के धरा. १५ ही खालची पायरी. टॅक्सच्या आधीच्या रकमेवर मोजली तरी चालते. मी डोक्यात असं करते: ६४.५० चं बिल असेल तर दशांश एक घर डावीकडे, ६.४५. त्याची दुप्पट १२.९०. तेरा डॉलर. संपलं. आणि रुपयांतला गुणाकार टेबलावर बसायच्या आधी करा. मेनू वाचताना किमतीत टॅक्स आणि टिप मिळून तीस टक्के मनातच वाढवा. झेपत नसेल तर काउंटरवरून घेऊन खायच्या जागी जा, तिथे उत्तम खायला मिळतं. टेबल सर्व्हिस घ्यायची आणि तिचे पैसे द्यायचे नाहीत, हे मला मान्य नाही.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "मग किमतीतच का नाही घालत?" म्हणणं बरोबर आहे, आणि तसा प्रयत्नही झालेला आहे. न्यूयॉर्कचे डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद करून किमती वाढवायला सुरुवात केली. २०२० मध्ये त्यांनी टिप पुन्हा सुरू केली. पद्धत बदलावी असं मलाही वाटतं. पण ती बदलायची म्हणून आज समोर उभ्या असलेल्या मुलीचे पैसे कापणं बरोबर नाही.

बिल न वाचता सही करणं

ही चूक उलट्या दिशेची, आणि घाईच्या माणसांची. माझे थोरले दीर-जाऊबाई आठ जणांना घेऊन मायामीला गेले होते. समुद्रकाठच्या एका रेस्टॉरंटात जेवले. जेवण ३२० डॉलरचं. बिलात १८ टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ५७ डॉलर ६० सेंट, आधीच लावलेला होता. खाली पुन्हा टिपची रिकामी ओळ होती. मी निघताना शंभरदा बजावलं होतं की वीस टक्के द्या, आणि भाऊजींनी ते पाळलं. बोटीची वेळ झाली होती, बिल वाचायला कोणी थांबलं नाही, आणि त्या ओळीत आणखी ६० डॉलर लिहून सही केली. बिलाचा फोटो मला दोन दिवसांनी दिसला. तेव्हापासून मी टक्केवारी नंतर सांगते, आधी बिल वाचायला सांगते.

सहा किंवा जास्त माणसांचा गट असला की बऱ्याच ठिकाणी १८ टक्क्यांच्या आसपास रक्कम आपोआप लावतात. मायामीसारख्या पर्यटकांच्या गावी तर दोघांच्या बिलातही असते. 'ग्रॅच्युइटी' (इथे याचा अर्थ टिप), 'ऑटो ग्रॅट' (आपोआप लावलेली टिप) किंवा 'सर्व्हिस चार्ज' हे शब्द बिलात बोटाने शोधा. दिसले, तर टिपची ओळ आडवी रेघ मारून बंद करा. फारच छान वाटलं तर वर पाच-दहा डॉलर द्या, पण देणं लागत नाही. पाच टक्क्यांसारखा छोटा सर्व्हिस चार्ज असेल तर वेटरलाच विचारा, "हे पैसे तुला मिळतात का?" विचारायला लाजू नका. करखात्याच्या लेखी टिप कामगाराची असते, आणि आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज ही रेस्टॉरंटची जमा असते, तो वाटायचा की नाही हे मालक ठरवतो. म्हणून हा प्रश्न रास्त आहे, आणि वेटर सहसा खरं सांगतात.

एक वाद मात्र इथे घालू नका. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं की रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज परस्पर लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ते वाचून आलेली मंडळी इथे मॅनेजरला बोलावतात. तो नियम आपल्या देशातला. इथे मेनूवर आधी छापलेलं असेल तर ते तुम्ही मान्य करूनच बसलात.

आता कार्डाची चिठ्ठी. बऱ्याच ठिकाणी वेटर कार्ड घेऊन आत जातो. घाबरू नका, ही इथली रीत आहे. तो दोन चिठ्ठ्या आणतो. एकीवर टिप लिहायची, खाली एकूण बेरीज लिहायची, सही करायची आणि ती तिथेच ठेवायची. दुसरी तुमची. बेरीज करूनच लिहा, रिकामी सोडून उठू नका. रोख टिप ठेवलीत तर त्या ओळीत 'कॅश' लिहा. भारतीय कार्डावर मेसेज येतो तो टिपच्या आधीच्या रकमेचा, आणि एक-दोन दिवसांनी खात्यातून जाते ती टिप धरलेली रक्कम. माझ्या वडिलांच्या एका मित्रांनी याला फसवणूक समजून बँकेत तक्रार केली होती. तुमच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, दहा सेकंदांचं काम आहे.

बाकीच्या

"टॅक्सची दुप्पट करा, झाली टिप" ही युक्ती कोणीतरी सगळ्यांना पाठवते. न्यूयॉर्क शहरात टॅक्स ८.८७५ टक्के, तिथे १७.७५ होते, ठीक. आमच्या न्यू जर्सीत ६.६२५, म्हणजे १३.२५ वर येते. ओरेगॉनमध्ये विक्रीकरच नाही. असल्या पळवाटा पाठ करण्यापेक्षा दहा टक्क्यांची दुप्पट करायला शिका.

"कॅलिफोर्नियात वेटरला पूर्ण किमान वेतन मिळतं, मग टिप कशाला?" कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या राज्यांत ते खरं आहे. रीत मात्र तिथेही तीच आहे.

"आता टिपवर टॅक्स नाही म्हणे, कमी दिली तरी पुरे." २०२५ चा कायदा २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपच्या उत्पन्नावर २५,००० डॉलरपर्यंत केंद्राच्या प्राप्तिकरात वजावट देतो. तुमच्या टक्केवारीशी त्याचा संबंध नाही.

कॉफीच्या दुकानात स्क्रीन तुमच्याकडे फिरवली, त्यावर १८, २०, २५ लिहिलेलं दिसलं की पाहुणे गांगरून २५ दाबतात. काउंटरवर टिप ऐच्छिक आहे. कोणी हाताने काही बनवून दिलं तर मी एक डॉलर देते, फ्रीजमधली बाटली उचलली तर काही नाही. बारमध्ये एका पेयामागे एक-दोन डॉलर. बुफेला दहा टक्के, कारण ताटं उचलणारं, पाणी देणारं कोणीतरी असतंच.

चिल्लर ठेवू नका. सेंटची नाणी टेबलावर ओतून जाणं अपमान समजतात. मी पर्सच्या वेगळ्या कप्प्यात एक आणि पाचच्या नोटा ठेवते, पाहुणे विमानतळावर उतरले की त्यांनाही वीस-पंचवीस डॉलर सुटे करून देते.

रोख पैसे फोल्डरमध्ये घालून "थँक यू, ऑल सेट" म्हणालात तर उरलेले पैसे वेटरचे झाले. परत हवे असतील तर तसं स्पष्ट सांगा.

कूपन वापरलं तर टिप मूळ रकमेवर.

जेवण उशिरा आलं, भाजी खारट झाली, तर तो दोष स्वयंपाकघराचा. तेव्हाच सांगा, बदलून देतात. वेटर खरंच उद्धट वागला तर मॅनेजरशी बोला. टिप शून्य करून निघून गेलात तर तुम्ही का रागावलात हे कोणाला कळत नाही.

आणि ओक ट्री रोडवर, म्हणजे न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, आपल्या भारतीय रेस्टॉरंटात गेल्यावर "आपलाच माणूस आहे, त्याला कसली टिप" हे ऐकलं की मला राहवत नाही. आपला माणूस आहे म्हणून त्याचं घरभाडं माफ होत नाही. जो नियम इटालियन रेस्टॉरंटात, तोच इथे.

शेवटची चूक आपल्या घरातलीच. बिलावरून ओढाओढ होते, "तुम्ही पाहुणे", "नाही वहिनी, आज आमच्याकडून", आणि त्या गोंधळात दोघांनाही वाटतं की टिप दुसऱ्याने ठेवली. एकदा आम्ही पार्किंगमधून परत आत गेलो होतो. तेव्हापासून मी हे गाडीतच ठरवून घेते. बिल द्यायचंच असेल तर पाहुण्यांनी द्यावं, टिप मी रोख ठेवणार, आणि ती ठेवल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही.