औषधांच्या खर्चासाठी अर्ज करताय? आधी डॉक्टरांचं पान भरून घ्या

मागच्या वेळी बाबांच्या औषधासाठी मदतीचा अर्ज केला, तेव्हा फाइल इतकी नीट लावली होती की मीच तिच्यावर खूश होते. तीन आठवड्यांनी ती जशीच्या तशी परत आली. फॉर्मचं दुसरं पान कोरं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरावे’. मला वाटलं, ते लोकच डॉक्टरांकडून भरून घेत असतील. घेत नाहीत. म्हणून ही यादी, आणि त्यात डॉक्टरांचं पान पुन्हा पुन्हा येणार आहे.

सगळ्यात आधी घरातल्या गोळ्या मोजा. सहा आठवड्यांचा साठा हातात असतानाच कामाला लागा. तुमच्या गोळ्या संपत आल्या म्हणून कोणी मंजुरी लवकर देत नाही. आणि पुरवून वापरायच्या म्हणून परस्पर एक दिवसाआड घेऊ नका. फिट्सच्या गोळ्या, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स, मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची औषधं अचानक सोडली तर भलतंच अंगाशी येतं. परवडत नसेल तर डॉक्टरांना तोंडावर सांगा. लाज वाटते, मलाही वाटली. पण सांगितल्यावर त्यांनी दोन औषधं स्वतःच काटली, ती आता लागत नव्हती म्हणे. आधी का नाही काटली, हे मी विचारलं नाही.

मग प्रत्येक औषधाचं मूळ, म्हणजे जेनेरिक नाव लिहून घ्या. ब्रँड दहा असतील, मूळ नाव बहुधा सगळीकडे तेच. नावाचा शेवट बघितला तर गटही बहुधा कळतो: ‘स्टॅटिन’ आलं की कोलेस्टेरॉलचं, ‘सार्टन’ आलं की रक्तदाबाचं. नावापुढे मिलिग्रॅम लिहा आणि एसआर, एक्सआर अशी शेपटी असेल तर तीही. ती गोळी औषध हळूहळू सोडते. तिच्या जागी साधी गोळी परस्पर घेऊ नका, आणि तिला कुटू तर नकाच. त्याच मूळ नावाचं स्वस्त जेनेरिक औषध मिळत असेल तर कदाचित अर्जाची कटकटच नको. स्वस्त म्हणजे हलकं, हा समज सोडा. जेनेरिक रक्तात किती उतरतं ते मूळ ब्रँडच्या 80 ते 125 टक्के चालतं, असं कुठेतरी वाचून लोक घाबरतात, पण चाचणीतल्या अंदाजाचा खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा अख्खा पट्टा त्या मर्यादेत बसवायचा असतो, त्यामुळे सरासरीतला फरक त्याहून पुष्कळ कमी असावा लागतो. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, फिट्सचं फेनिटॉइन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला.

औषध नवं असेल तर जेनेरिक बहुधा नसतंच. पेटंट, म्हणजे ते बनवण्याचा कंपनीचा एकटीचा हक्क, साधारणपणे पेटंटच्या अर्जापासून 20 वर्षं चालतं. खरी मदत लागते ती इथे: सरकारी योजना, विमा, धर्मादाय संस्था, काही औषध कंपन्यांचे स्वतःचे मदत कार्यक्रम. कोणतं दार ठोठवायचं हे हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना विचारा. त्यांना हे तोंडपाठ असतं आणि त्यांना कोणी विचारत नाही. विम्याच्या यादीत औषध नसेल तर हेच का हवं, असं डॉक्टरांचं पत्र लागतं. म्हणजे परत डॉक्टर.

ओळखपत्र, पत्ता, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स. हे तुम्हाला कळतं.

आता डॉक्टरांचं पान. निदान, डोस, किती महिने, सही, तारीख, शिक्का, नोंदणी क्रमांक. सातही गोष्टी तिथेच उभं राहून बघा. सही आहे आणि तारीख नाही, तर पान कोरंच समजा. प्रिस्क्रिप्शनवर दिवसातून दोनदा आणि पानावर एकदा असं असेल तरी फाइल अडकते. पान रिसेप्शनवर ‘सावकाश भरा’ म्हणून ठेवून येऊ नका, ते ढिगाखाली जातं. माझी फाइल परत आली त्याच आठवड्यात डॉक्टर पंधरा दिवसांच्या रजेवर गेले होते, आणि ते पंधरा दिवस आम्ही पूर्ण किमतीला औषध घेतलं. तेव्हा अपॉइंटमेंट घेताना विचारा, रजा कधी आहे. निघताना फाइल उघडा, दुसरं पान बघा. जमा करण्याआधी परत बघा.

जमा केलंत की पोच घ्या, नंबर लिहून ठेवा, आठवड्याने फोन करा. अर्ज पास करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला वाटेला लावा. मंजुरीला मुदत असते, ती कॅलेंडरवर दोन महिने आधी मांडा. नूतनीकरणाला डॉक्टरांचं पान नवं लागतं. जुन्याची झेरॉक्स चालत नाही. हो, तेही करून बघितलंय.