सोलापूरच्या उन्हाळ्यात डायव्हिंग स्कूटर कशी सांभाळावी

डायव्हिंग स्कूटर म्हणजे पाण्याखाली डायव्हरला ओढून नेणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. तिच्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य हमखास असतं : थंड आणि कोरड्या जागी ठेवा. मे महिन्यात सोलापुरात अशी जागा कुठली, हे मात्र आपलं आपल्यालाच शोधावं लागतं. पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत निवत नाही.

मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग पावसाळ्यात बंद राहतं. म्हणजे आपली शेवटची फेरी बहुतेक वेळा ऐन उन्हाळ्यात होते आणि पुढचे चार-पाच महिने स्कूटर घरात पडून राहते. खारं पाणी यंत्र खातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे धुण्यात कुणी कसूर करत नाही. बॅटरी मात्र ‘पुढच्या वेळी तयार असावी’ म्हणून पूर्ण चार्ज करून माळ्यावर ठेवली जाते. माझ्या मते या यंत्राचं आयुष्य समुद्रात कमी आणि त्या माळ्यावर जास्त खर्च होतं.

किनाऱ्यावर आणि परतीच्या वाटेवर

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं की हे क्षार ट्रिगरच्या फटीत आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, खडे होऊन बसतात. ओलं असताना ते साध्या पाण्याने निघून जातात, वाळल्यावर त्रास देतात. म्हणून बोटीवरून उतरल्यावर, जेवायला बसण्याआधी, मुक्कामाच्या ठिकाणी बादलीभर गोडं पाणी मागून घ्या आणि स्कूटर त्यात बुडवून काढा. या वेळी बॅटरीचं झाकण बंदच हवं. पाणी झटकायचं म्हणून हवेत पंखा फिरवू नका. शाफ्टच्या सीलला पाण्याचंच वंगण मिळतं. कोरडा पंखा फिरला की सील झिजतं.

स्कूटर बाहेरून पूर्ण वाळली की बॅटरी काढून वेगळ्या पिशवीत, गाडीच्या आत सावलीच्या बाजूला ठेवा. रिकाम्या स्कूटरचं झाकण प्रवासात थोडं सैल राहू द्या, नाहीतर आत अडकलेली हवा तापून सीलवर दाब आणते. कोल्हापूर-सांगलीमार्गे येताना अनेक जण पंढरपूरला दर्शनाला थांबतात. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि दर्शनाला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. गाडीला सावली मिळत नसेल तर बॅटरीची पिशवी घेऊन एकाने बाहेर सावलीत थांबावं.

घरी धुताना

एका टबात स्कूटर अर्धा तास भिजत ठेवा. भिजत असतानाच ट्रिगर आणि वेग बदलायची बटणं वीसेक वेळा दाबून सोडा, म्हणजे आतल्या स्प्रिंगजवळचं मीठही सुटतं. पाणी बदलून पुन्हा एकदा भिजवा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पण वाहत्या पाण्याची गरजच नाही. दोन टब पुरतात. पहिल्या टबाचं पाणी खारट झालेलं असतं, ते कुंड्यांना घालू नका.

बोअरचं पाणी चालेल का? चालेल. कितीही जड असलं तरी समुद्राच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी गोडं असतं. फक्त ते वाळल्यावर पांढरा थर उरतो, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने फिरवावा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र यासाठी घेऊ नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशर पाइपही नको. त्याची धार थेट सीलच्या आत पाणी ढकलते.

बॅटरी बाहेर असल्याची खात्री करून पंखा उघडा आणि शाफ्टवर तंगूस गुंडाळला गेलाय का ते बघा. कोकणच्या पाण्यात मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे असतातच, आणि नायलॉनचा एखादा धागा सीलखाली शिरला तर पुढच्या डाइव्हला तिथूनच पाणी आत येतं. मग स्कूटर सावलीत, घरातल्या छताच्या पंख्याखाली दिवसभर वाळवा. गच्चीवरच्या उन्हात रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही कडक होतात.

ओ-रिंग

पाणी बाहेर ठेवण्याचं काम ग्रीस करत नाही. ते काम दाबली गेलेली ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसणारी गोल रबरी कडी, करते. ग्रीसमुळे ती सरकते आणि नीट बसते एवढंच. त्यामुळे भरपूर ग्रीस लावलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज सोडून द्या. जास्तीच्या ग्रीसवर धूळ आणि केस चिकटतात आणि गळती तिथूनच सुरू होते.

ओ-रिंग सुईने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा. बोटांत धरून गोल फिरवत तपासा : चीर, चपटेपणा, कडकपणा. खाच पुसायला आपला लाडका सोलापुरी टॉवेल चुकूनही घेऊ नका. अंगाला तो उत्तम, पण त्याचे बारीक तंतू सुटतात, आणि सीलखाली गेलेला एक तंतूही पाण्याला वाट देतो. चष्म्याचं मऊ कापड चांगलं. ज्यांच्या घराजवळ यंत्रमाग आहेत त्यांनी तर हे काम खिडक्या लावूनच करावं, कारण तिथे हवेतच कापसाची कुसं तरंगत असतात.

ग्रीस कंपनीने सांगितलेलंच वापरा. नायट्राइल रबराला सिलिकॉन ग्रीस चालतं, पण सिलिकॉनच्या ओ-रिंगला तेच ग्रीस लावलं तर ती फुगते. खोबरेल किंवा व्हॅसलीन कशालाच लावू नका. साठवणीच्या काळात झाकण घट्ट आवळून ठेवू नये. ओ-रिंग काढून, हलकं ग्रीस लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली की ती दबून चपटी होत नाही.

बॅटरी : अर्धी भरलेली, गार

आधी बॅटरी कुठल्या प्रकारची आहे ते लेबलवर वाचा, कारण दोन प्रकारांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

आजच्या बहुतेक स्कूटरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो. साठवताना प्रत्येक सेल ३.७ ते ३.८५ व्होल्टच्या दरम्यान, म्हणजे बॅटरी साधारण निम्मी भरलेली हवी. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये आतल्या रासायनिक झिजेचा वेग जास्त असतो, आणि उष्णता तो आणखी वाढवते. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जी झीज होईल, तिच्या सुमारे चौपट झीज ४५ अंशांच्या माळ्यावर होते. या झिजेत गेलेली क्षमता परत येत नाही. पुढच्या हंगामात स्कूटर पूर्वीपेक्षा लवकर दम तोडते आणि आपण मोटरला दोष देतो.

पूर्ण रिकामी ठेवणंही तितकंच वाईट. बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते, आतलं संरक्षक सर्किटही थोडी वीज खात असतं. सेल फारच खाली गेला तर आतलं तांबं विरघळू लागतं, आणि अशी बॅटरी नंतर चार्जिंगला लावणं धोक्याचं ठरतं.

निम्म्यावर आणायचं कसं? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सहलीच्या शेवटच्या डाइव्हनंतर चार्जच करू नका. घरी आल्यावर चार्ज दाखवणारे दिवे बघा. चारपैकी दोन लागत असतील तर काम झालं. एकच लागत असेल तर बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि दोन दिवे होईपर्यंतच चार्ज करा.

चार्जिंग उन्हाळ्यात पहाटे किंवा सकाळी करा. दुपारी तापलेल्या खोलीत नको. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करूच नये. बॅटरी शहाबादी फरशीवर ठेवा. गादी, लाकडी कपाट आणि घराबाहेर पडायचा दरवाजा यांपासून ती लांब हवी. घरात कुणीतरी जागं असावं. पिन बसते म्हणून इलेक्ट्रिक सायकलचा चार्जर लावू नका. व्होल्टेज वेगळं असलं तर आगीलाच आमंत्रण मिळतं.

बॅटरी फुगली असेल, तिला गोडसर रसायनासारखा वास येत असेल किंवा आत खारं पाणी गेलं असेल, तर तिला पुन्हा चार्जर लावायचा नाही. खारं पाणी आत राहिलं तर शॉर्ट काही दिवसांनीही होऊ शकतो. अशी बॅटरी घराबाहेर, भिंतीपासून आणि वाळक्या पाल्यापासून दूर ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका, कारण तो ती फोडणार. विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्या. धूर निघू लागला तर स्वतः विझवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

जुन्या, जड स्कूटरमध्ये शिशाची सीलबंद बॅटरी असते. ती पूर्ण भरूनच ठेवायची. अर्धवट राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर जमतो आणि ती निकामी होते. १२ व्होल्टची बॅटरी नुसती ठेवलेली असताना मल्टिमीटरवर १२.४ च्या खाली दिसली की लगेच चार्ज करा. चार्जिंगमध्ये तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने स्फोट होतो. म्हणून स्कूटरचं झाकण बंद ठेवून बॅटरी आतल्या आत कधीही चार्ज करू नका. झाकण उघडं आणि खोलीत हवा खेळती हवी.

ठेवायची कुठे

ज्यांचं जुनं माळवदाचं घर आहे त्यांनी दुसरी जागा शोधूच नये. जाड भिंतींची आतली खोली मेमध्येही सुसह्य असते. फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीत, पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळच्या कप्प्यात ठेवा. पत्र्याची खोली, माळा आणि गाडीची डिकी या तिन्ही जागा बाद. कूलरसमोरची जागाही नको, तिथे गारवा असला तरी ओल असते. फ्रिजचं काय, असं बरेच जण विचारतात. बाहेर काढल्यावर बॅटरीवर दव जमतं, त्यामुळे तो विचार सोडून द्या.

बॅटरीचे संपर्क बिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. स्कूटरच्या पोकळीत सिलिका जेलची पुडी टाका. वजन पंख्यावर येणार नाही अशी स्कूटर आडवी ठेवा. उंदीर वायर आणि रबर कुरतडतात, म्हणून ती झाकणाच्या पेटीत असावी.

मधली तपासणी

दोन-तीन महिन्यांनी एकदा बॅटरी बघावी लागते, आणि तारीख लक्षात राहत नाही. मी सणांना बांधून घेतो : आषाढी, नवरात्र आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा. दिवे मोजायचे, बॅटरीवर हात फिरवून फुगवटा बघायचा, लिथियमची एका दिव्यावर आली असेल तर दोनवर आणायची. पाच मिनिटांचं काम आहे.

पुन्हा समुद्राकडे निघताना

पूर्ण चार्जिंग निघायच्या आदल्या दिवशी. त्याआधी ओ-रिंग बसवून, बॅटरी न घालता स्कूटर पाण्याच्या ड्रममध्ये अर्धा तास दाबून धरा आणि झाकणाजवळ बुडबुडे येतात का बघा. ड्रमच्या उथळ पाण्यात काय कळणार, असं वाटू शकतं. पण खोलवरचा दाब ओ-रिंगला खाचेत आणखी घट्ट बसवतो. नीट न बसलेली रिंग उथळ पाण्यातच गळण्याची शक्यता जास्त असते. झाकण उघडून आत कोरडा टिश्यू फिरवा.

गावाकडच्या विहिरीत चालवून बघायची असेल तर स्कूटरला दोर बांधा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. समुद्रात अधांतरी राहील अशी वजनं लावलेली स्कूटर विहिरीत हळूहळू तळाला जाते. १० लिटर आकारमानाच्या स्कूटरसाठी हा फरक पाव किलोचा पडतो.

विमानाने जाणार असाल तर बॅटरीवरचे वॅट-तास (Wh, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते तो आकडा) वाचून घ्या. साधारणपणे १०० पर्यंतची बॅटरी केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि १६० च्या वरची प्रवासी विमानात घेत नाहीत. सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात टाकायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ती हातातल्या बॅगेत ठेवा आणि लेबल पुसट होत चाललं असेल तर आजच त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. आकडा वाचता आला नाही तर बॅटरी विमानतळावरच अडवली जाऊ शकते.