जुन्या संगणकात सिम मेमरी बसवण्यापूर्वी
१९९०च्या दशकातील ४८६ किंवा पेंटियम प्रोसेसरच्या संगणकाची मेमरी वाढवताना सिम (SIMM, म्हणजे मेमरी चिप बसवलेली छोटी पट्टी किंवा मॉड्यूल; मोबाइलचे सिम नव्हे) सॉकेटमध्ये बसते एवढे पाहून भागत नाही. प्रोसेसरच्या डेटा बसची, म्हणजे माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गाची, रुंदी त्या मॉड्यूलांनी पूर्ण भरते का, हे आधी मोजावे लागते. ३० पिनांचे सिम एका वेळी ८ बिट देते, म्हणून ३२ बिटांच्या ३८६डीएक्स व ४८६ला अशी सिम चारच्या गटात लागतात, तर १६ बिटांच्या ३८६एसएक्सला दोन पुरतात. ७२ पिनांचे सिम ३२ बिटांचे असल्याने ४८६चे काम एकावर भागते. पेंटियमची बस मात्र ६४ बिटांची, त्यामुळे तिथे बहुतेक बोर्डांवर सारख्या क्षमतेची जोडीच हवी. एकटे सिम लावले की संगणक सुरू होत नाही आणि दोष बिचाऱ्या मदरबोर्डावर येतो. ईडीओ हा मेमरीचा नंतरचा प्रकार पेंटियमवर सहसा चालतो, परंतु ४८६च्या अनेक बोर्डांना तो मानवत नाही; तिथे फास्ट पेज मोड हा जुना प्रकार घ्यावा. इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटवर (पेंटियम बोर्डावरील नियंत्रक चिपांच्या संचावर) ६४ एमबीपलीकडील मेमरीला कॅशचा, म्हणजे छोट्या वेगवान मेमरीचा, लाभ मिळत नाही, म्हणून तिथे अधिक मेमरीचा सोस मी करणार नाही. सॉकेटचे संपर्क कथिलाचे असतील, तर सोनेरी कडांपेक्षा कथिलाच्या कडांचे सिम निवडावे.