ड्रायसूटच्या मनगटातून येणारं पाणी: सील तपासताना

ड्रायसूट म्हणजे पाण्याखाली अंग कोरडं ठेवणारा डायव्हिंगचा पोशाख. त्याची बाही ओली निघाली की मनगटावर घट्ट बसणारं रबरी सील फाटलं असंच आधी वाटतं. बहुतेक वेळा दोष सील बसवलेल्या जागेचा असतो. मूठ आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूच्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) ताठ होतात, दोन कंडरांमध्ये खाच पडते आणि पाणी तिथूनच शिरतं. सील दोन-तीन सेंटिमीटर कोपराकडे सरकवलं, कड आत दुमडलेली नाही ना हे बोट फिरवून पाहिलं, की गळती थांबते.

लेटेक्स (पातळ, ताणणारं रबर) सीलला घालताना बिनवासाची शुद्ध टाल्कम पावडर लावायची. सुगंधी पावडर, व्हॅसलीन, खोबरेल, सनस्क्रीन नको. तेलाने लेटेक्स फुगून मऊ पडतं. सिलिकॉन स्प्रेही टाळलेला बरा, कारण पुढे नवं सील चिकटवताना गोंद धरत नाही. निओप्रिन (फेसासारखं जाड रबर) सीलला पावडरीऐवजी पातळ साबणपाणी.

डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, मग दोन्ही बाजूंना हलकी पावडर. घाम आणि त्वचेचं तेल राहिलं तर तेही सील खातं. बोटाला चिकट लागतंय किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसतात? पावडर थापून उपयोग नाही, सील बदला.